'शक्ती', 'रिॲक्शन' आणि 'दुखणे' : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात कुष्ठरोगविषयक मराठी परिभाषेची चिकित्सा

१

'रोगप्रतिकारशक्ती' हा सामासिक शब्द मराठी गद्यात आज इतका रुळला आहे की, त्याच्या घडणीविषयी प्रश्न उपस्थित करण्याचे कोणास कारण वाटत नाही. शालेय पुस्तके, वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरे, औषधांच्या जाहिराती आणि शासकीय भित्तिपत्रके या सर्वांत तो एकाच अर्थाने येतो : शरीरात 'शक्ती' नावाची एक पुंजी आहे, ती वाढली की रोग हटतो, घटली की रोग जडतो. २०२० व २०२१ या करोना-साथीच्या वर्षांत तर या शक्तीची वाढ हा घराघरांतील चिंतेचा आणि बाजारातील विक्रीचा विषय झाला होता. त्याच वर्षांत वृत्तपत्रांनी 'सायटोकाइन वादळ' असा दुसराही एक शब्दप्रयोग वाचकांपुढे ठेवला, आणि त्याचा आशय पहिल्या शब्दाच्या नेमका उलट होता : शरीराचा प्रतिकारच अनावर होऊन रोग्याचा घात करतो. ही दोन विधाने शेजारी शेजारी छापली जात होती. परंतु त्यांतील विसंगती सोडविण्याचा प्रयत्न मराठी गद्याने फारसा केला नाही.

ही विसंगती जेथे नीट तपासून पाहता येते असा प्रदेश महाराष्ट्राच्या पूर्व टोकास आहे. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन वनप्रधान जिल्हे कुष्ठरोगाच्या दृष्टीने राज्यातील अधिक बाधित जिल्ह्यांत दीर्घकाळ गणले गेले आहेत. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्यानजीक आहे. डिसेंबर २००५ अखेर देशात या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून राष्ट्रीय पातळीवर त्याचे 'दूरीकरण' झाल्याचे घोषित करण्यात आले. तथापि राष्ट्रीय सरासरी ही एखाद्या तालुक्याची स्थिती नव्हे. रुग्ण शोधणे, त्यास औषध देणे आणि मुख्य म्हणजे त्यास त्याच्या शरीरात काय चालले आहे हे समजावून सांगणे, हे काम या जिल्ह्यांत संपलेले नाही. यांतील तिसरे काम भाषेचे आहे, आणि ते भाषेने कसे पार पाडले याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

२

प्रथम रोगाच्या नावांचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. मराठीत या रोगास 'महारोग', 'रक्तपिती' आणि 'कुष्ठरोग' अशी तीन प्रचलित नावे आहेत. तिन्ही संस्कृतातून आलेली आहेत आणि तिन्हींनी आपला मूळ अर्थ टाकून दिलेला आहे.

प्राचीन वैद्यकात 'महागद' वा 'महारोग' ही एका रोगाची संज्ञा नसून दुश्चिकित्स्य रोगांच्या एका वर्गाची संज्ञा होती. सुश्रुताच्या गणनेत असे आठ रोग येतात. त्यांत वातव्याधी, प्रमेह, अर्श आणि अश्मरी यांच्या पंक्तीस कुष्ठ बसलेले आहे. मराठीत हा वर्गवाचक शब्द संकोच पावून एकाच रोगाचे नाव झाला. मूळव्याध आणि मुतखडा यांचे 'महत्त्व' गेले, कुष्ठाचे राहिले. 'कुष्ठ' या शब्दाचा प्रवासही अशाच संकोचाचा आहे. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार मानले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत आजचा त्वचारोगतज्ज्ञ ज्यांना गजकर्ण, इसब वा सोरायसिस म्हणेल अशा अनेक विकारांची लक्षणे विखुरलेली आहेत. 'रक्तपिती'ची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. आयुर्वेदातील 'रक्तपित्त' हा रक्तस्रावाचा विकार. मराठी लोकव्यवहारात मात्र त्याच शब्दाचे तद्भव रूप, रक्तस्रावाशी काही संबंध नसलेल्या कुष्ठरोगास चिकटले.

ही गफलत केवळ भारतीय भाषांनी केली असे नव्हे. ग्रीक वैद्यकातील 'लेप्रा' हा शब्द मुळात खवले सुटणाऱ्या त्वचाविकारांचा वाचक होता. आज ज्यास सोरायसिस म्हणतात त्याच्याशी त्याचे अधिक साम्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील रॉबर्ट विलन याच्या वर्गीकरणातदेखील सोरायसिसचा एक प्रकार 'लेप्रा' या नावाखालीच होता. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्रा याने ही नावे निर्णायकपणे वेगळी केली. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे हान्सेन याने कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि या रोगास कारण सापडले. म्हणजे कारण सापडण्यापूर्वी नाव सापडले होते, आणि ते दुसऱ्याच रोगाचे होते.

मराठीपुरता विचार केला तर यातून एक व्यावहारिक अडचण उत्पन्न झाली आहे. 'कुष्ठ' या तत्सम शब्दाबरोबरच त्याचे तद्भव रूप 'कोड' हेही मराठीत नांदते; पण ते प्रामुख्याने त्वचेचा रंग जाण्याच्या, संसर्गाचा लेशही नसलेल्या विकारास लावले जाते. शेजारच्या हिंदीत मात्र 'कोढ़' म्हणजे कुष्ठरोगच. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे मराठीच्या जोडीला माडिया व गोंडी, सिरोंचा भागात तेलुगू, पूर्वेकडे छत्तीसगढी आणि मुलचेरा-चामोर्शीकडील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते, तेथे अशा जुळ्या शब्दांचा गुंता केवळ कोशकाराचा राहत नाही. ज्याच्या अंगावर कोड आहे त्यास वाळीत टाकले जाते. आणि ज्याच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे तो 'हे साधे कोड आहे' अशा समजुतीने दवाखान्यात येत नाही. वस्तुतः दोहोंतील भेद सांगण्यास पाच शब्द पुरतात : कोडास स्पर्श कळतो, चट्ट्यास नाही.

संस्थांच्या नावांकडे पाहिले तर एक उद्बोधक गोष्ट आढळते. 'महारोगी सेवा समिती' या नावात जुना, भयसूचक शब्द कायम आहे. पण ज्या जागी ही समिती काम करते त्या जागेचे नाव 'आनंदवन' आहे. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलेल्या संस्थेचे नाव 'तपोवन'. समितीचे नाव रोग सांगते, जागेचे नाव माणूस. कायद्याच्या भाषेस हा विवेक फार उशिरा सुचला. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

३

रोगाच्या नावाबाबत झालेली चूक निदान सर्वांना ठाऊक आहे. 'महारोग' हा शब्द आता बहुतेक लेखक टाळतात. प्रतिकाराच्या नावाबाबत झालेली चूक मात्र कोणाच्या ध्यानातही आलेली नाही, आणि म्हणून ती अधिक घातक आहे.

'शक्ती' हा शब्द परिमाणवाचक आहे. ती कमी असते, जास्त असते, वाढते, खर्च होते. या शब्दाच्या चौकटीत प्रतिकार नेहमीच हितकर ठरतो आणि त्याचे आधिक्य दोषरूप असूच शकत नाही. कुष्ठरोग या समजुतीचा मुळापासून छेद करतो. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूस मुळी थाराच मिळत नाही. बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात या रोगाचे शिक्षण घेतले आणि संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले, पण रोग झाला नाही, अशी नोंद त्यांच्या चरित्रात येते. येथवर 'शक्ती'चे रूपक चालते. पण ज्या थोड्यांना रोग होतो त्यांच्यात काय दिसते? रिडले आणि जॉपलिंग या दोन वैद्यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार हा रोग एका लांब पट्ट्यासारखा आहे. एका टोकास असे रुग्ण, की ज्यांच्या पेशी जंतूंना जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत. त्यांच्या त्वचेत जंतू अमाप वाढतात. दुसऱ्या टोकास असे, की ज्यांचा प्रतिसाद प्रखर आहे. त्यांच्यात जंतू महत्प्रयासाने सापडतो, चट्टे एकदोनच असतात, पण मज्जातंतूस इजा होते आणि ती लवकर होते. कारण जंतू मज्जातंतूच्या वेष्टनपेशींत लपलेला असतो, आणि त्याच्यावर चालून गेलेला प्रतिकार त्या वेष्टनासह तंतूचाही नाश करतो. ज्याची 'शक्ती' अधिक त्याचा हात अधिक लवकर वाकडा होतो, हे विधान आजच्या लोकप्रिय मराठी गद्यात व्याकरणदृष्ट्या शक्य असूनही अर्थदृष्ट्या अशक्य आहे. परिभाषेचे अपयश याहून स्पष्ट शब्दांत दाखविता येणार नाही.

शक्तीच्या रूपकाला जोडूनच सैन्याचे रूपक येते. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू, आजार म्हणजे लढाई. लहान मुलांना समजावण्यापुरते ते सोयीचे आहे. पण सैन्याच्या कथेत सैनिक आपल्याच गावास आग लावीत नाहीत. लावली तर ते फितूर ठरतात. शरीरात फितुरी नसते. जी प्रक्रिया वाचविते तीच जाळते, आणि या दोन कृती दोन निराळ्या पेशींच्या नव्हेत.

४

ही गोष्ट ज्या द्रव्याच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे दिसते ते द्रव्य म्हणजे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', संक्षेपाने टी. एन. एफ. एका पेशीने दुसरीस धाडलेल्या रासायनिक निरोपांच्या ज्या वर्गास १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञाने 'सायटोकाइन' असे ग्रीक धातूंवरून नाव दिले, त्या वर्गातील हे एक प्रमुख द्रव्य होय. त्याच्या नामकरणाची कथा भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, बी. सी. जी. जंतू टोचलेल्या उंदरांना पुढे जीवाणूंचे अंतर्विष दिले असता त्यांच्या रक्तरसात असे काही उत्पन्न होते, की त्यामुळे दुसऱ्या उंदरांच्या अंगावरील अर्बुदे गळून जातात. म्हणून नाव पडले : अर्बुदनाश करणारा घटक. त्याच सुमारास, त्याच शहरात, अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी निराळाच प्रश्न सोडवीत होते : दीर्घ संसर्गात जनावरे झिजून का जातात? झीज घडविणाऱ्या द्रव्यास त्यांनी ग्रीक 'काकोस', म्हणजे वाईट, आणि 'हेक्सिस', म्हणजे शरीरस्थिती, यांवरून 'कॅकेक्टिन' हे नाव दिले. १९८५ मध्ये ब्रूस ब्यूटलर आणि सेरामी यांच्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, ही दोन द्रव्ये दोन नसून एकच आहेत. एकाच रेणूस एका प्रयोगशाळेने त्याच्या उपकारावरून नाव दिले होते, दुसरीने अपकारावरून. टिकले ते पहिले नाव. त्यामुळे ज्या द्रव्याचे शरीरातील नित्याचे कार्य दाह उत्पन्न करणे हे आहे, ते कायमचे अर्बुदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

येथे आणखी एक व्युत्पत्तिगत गंमत आहे. लॅटिन 'ट्यूमर' म्हणजे मुळात केवळ 'सूज'. सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची जी चार लक्षणे सांगितली, लाली, सूज, उष्णता आणि वेदना, त्यांत 'ट्यूमर' हेच सूज या अर्थी आलेले आहे. म्हणजे ज्यास 'सूज नष्ट करणारा' असे शब्दशः नाव मिळाले तो घटक वस्तुतः सूज आणणारा आहे. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरास पेशी धरून ठेवावयास लावतो, वाहिन्या पाझरू लागतात, ताप चढतो, आणि भक्षकपेशी जंतूभोवती दाटीवाटीने जमून त्यास वेढून ठेवतात. हा वेढा, ज्यास ग्रॅन्युलोमा म्हणतात, टिकून राहण्यासाठी टी. एन. एफ. आवश्यक असतो.

मराठीत या प्रक्रियेस 'दाह' म्हणतात, आणि हा शब्द मात्र निवडणाऱ्यांच्या सूक्ष्म जाणिवेची साक्ष देतो. 'शोथ' केवळ सुजेचा वाचक, 'दाह' जाळण्याचा. जंगलालगतच्या गावांत आगीची दोन्ही रूपे प्रत्यही परिचयाची आहेत. उन्हाळ्यापूर्वी वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे ठराविक पट्ट्यातील गवत-पाचोळा आधीच जाळून वणव्यास वाट बंद करतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि वारा फिरला तर तीच आग रान घेते. आग एकच, मर्यादेत राखण करते, मर्यादेबाहेर भस्म करते. सैन्याच्या उसन्या रूपकापेक्षा हे रूपक या प्रदेशाच्या अधिक जवळचे आहे आणि शास्त्रार्थासही अधिक प्रामाणिक आहे. 'दाह' हा शब्द हाती असूनही आरोग्यविषयक मराठी गद्याने त्यातील हा अर्थ कधी फुलविला नाही. त्यास 'शक्ती'चे आकर्षण अधिक वाटले.

५

आता ज्या शब्दावर प्रत्यक्ष हानी अवलंबून आहे त्याकडे वळणे इष्ट होईल. कुष्ठरोगाच्या मार्गात, औषध सुरू होण्यापूर्वी, चालू असताना वा संपल्यानंतरही, एकाएकी दाहाचा उद्रेक होऊ शकतो. वैद्यकात त्यास 'रिॲक्शन' म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पेशींचा प्रतिसाद अचानक प्रखर होतो. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, मज्जातंतू दुखू लागतात, आणि काही दिवसांतच मूठ वळेनाशी होणे, पाऊल लोंबणे वा डोळा न मिटणे असे व्यंग येऊ शकते. दुसरा प्रकार ज्यांच्या शरीरात जंतू अमाप असतात त्यांच्यात होतो. ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, डोळे आणि सांधेही सुजतात. या दुसऱ्या प्रकारात रुग्णांच्या रक्तात टी. एन. एफ. वाढलेला आढळल्याची नोंद १९९०च्या सुमारास झाली; पहिल्या प्रकारातही त्वचेत व मज्जातंतूंत त्याचा सहभाग दिसून आला आहे. दोन्ही उद्रेकांत जंतू जिवंत असण्याचीही आवश्यकता नाही. मेलेल्या जंतूंचे अवशेषही दाह पेटविण्यास पुरेसे होतात.

वैद्यकाची आज्ञा येथे निःसंदिग्ध आहे. जंतुनाशक गोळ्यांचा क्रम, कमी जंतूंच्या प्रकारात ६ महिने आणि अधिक जंतूंच्या प्रकारात १२ महिने, तो चालू असेल तर मुळीच थांबवावयाचा नाही. दाह शमविण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखे औषध वैद्याच्या देखरेखीखाली त्वरित सुरू करावयाचे. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण हात बरा होत नाही.

अशा वेळी रुग्णास काय सांगितले जाते? 'तुम्हाला रिॲक्शन आली आहे.' हा शब्द वैद्याच्या इंग्रजीत एक अर्थ बाळगतो आणि बोलभाषेच्या मराठीत दुसराच. 'इंजेक्शनची रिॲक्शन आली', 'गोळीची रिॲक्शन झाली' या रूढ प्रयोगांनी मराठीत 'रिॲक्शन' म्हणजे औषधाने केलेला अपाय असे पक्के समीकरण झाले आहे. म्हणून हे वाक्य ऐकणारा प्रामाणिक मराठी भाषक त्यातून एकच तर्कशुद्ध निष्कर्ष काढू शकतो : ही गोळी मला बाधली, ती बंद केली पाहिजे. क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडलेली आणि रिफाम्पिसिनने लघवी लाल झालेली त्याने आधी पाहिलेली असते. संशयास आधार तयारच असतो. उद्रेकात गोळ्या थांबवू नयेत ही सूचना कार्यकर्त्यांच्या मार्गदर्शिकांत आवर्जून द्यावी लागते, यावरून या गैरसमजाची कल्पना येईल. रुग्ण येथे अज्ञानाने चुकत नाही; तो आपल्या भाषेचा अर्थ बरोबर लावतो आणि त्यामुळेच चुकतो.

'प्रतिक्रिया' हा पर्याय काही पत्रकांत वापरला जातो, पण त्याने काम भागत नाही. 'प्रतिक्रिया' आज 'वाचकांच्या प्रतिक्रिया', 'मंत्र्यांची प्रतिक्रिया' या अर्थाने रूढ आहे. ताप आणि गाठी यांच्याशी तिचा संबंध जोडणे कोणास सुचणार नाही. एक शब्द चुकीचा अर्थ देतो, दुसरा काहीच अर्थ देत नाही.

याहून खोल अडचण मराठीतील 'दुखणे' या शब्दात आहे. मराठीत दुखणे म्हणजे वेदना आणि दुखणे म्हणजेच आजार. आजारी माणूस तो दुखणाईत. भाषेने वेदना आणि रोग यांची सांगड अशी घातली आहे की, जे दुखत नाही ते दुखणे होऊ शकत नाही. कुष्ठरोग हा नेमका न दुखणारा रोग आहे. त्याचे पहिले लक्षणच बधिरपणा. म्हणून वर्षानुवर्षे चट्टा अंगावर वागविणारा माणूस स्वतःस दुखणाईत समजत नाही, आणि त्यास समजावूनही ते पटत नाही. पुढे उपचार सुरू होतात, आणि दाहाचा उद्रेक होऊन प्रथमच दुखू लागते. त्याच्या भाषेच्या हिशेबाने दुखणे आता सुरू झाले, गोळ्या घेतल्यावर! रोग असता वेदना नव्हती, औषध आले आणि वेदना आली. या अनुमानात तर्काचा दोष काढता येत नाही. दोष आहे तो, ज्यांनी हे अनुमान होणारच हे ओळखून आधी त्याचे निरसन करावयास हवे होते, त्यांच्या गद्यात.

६

टी. एन. एफ. हा खलनायक ठरवून प्रश्न सुटेल काय? तसे केल्यास 'शक्ती'ची चूक उलट बाजूने होईल. जेरुसलेम येथील जेकब शेस्किन यांनी १९६४ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या उद्रेकाने तळमळणाऱ्या रुग्णास झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले आणि गाठी विरून गेल्याचे पाहिले. गर्भातील बालकांना भयंकर व्यंग आणल्यामुळे तीन वर्षांपूर्वीच बाजारातून हद्दपार झालेले हे औषध. ते टी. एन. एफ.ची निर्मिती रोखते हे १९९१ मध्ये उघड झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत, कडक निर्बंधांसह, त्यास या उद्रेकासाठी मान्यता मिळाली. गर्भवतीस ते आजही सर्वथा वर्ज्य आहे. पुढे टी. एन. एफ.लाच अडविणारी प्रतिद्रव्ये तयार झाली, आणि संधिवाताबरोबर सोरायसिसच्या रुग्णांनाही त्यांनी मोठा दिलासा दिला. पण २००१ मध्ये असे निदर्शनास आले की, अशा औषधाने काही रुग्णांच्या शरीरात सुप्त असलेला क्षय पुन्हा जागा होतो. वेढा सैल झाला आणि आतला जंतू बाहेर पडला. तुरळक रुग्णांत, अशा उपचारानंतर कुष्ठरोग प्रकट झाल्याच्याही नोंदी आहेत. आग विझविली, पण जाळरेषाही नाहीशी झाली. म्हणून ज्या प्रदेशात क्षय व कुष्ठ दोन्ही आहेत तेथे ही औषधे देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करणे अपरिहार्य ठरते.

'कुष्ठ' आणि 'लेप्रा' या जुन्या शब्दांनी सोरायसिस व कुष्ठरोग यांस एकाच कोंडवाड्यात घातले होते. आजच्या शास्त्रास दोहोंच्या दाहात एकच निरोप ऐकू येतो. परंतु यावरून प्राचीनांना हे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हे शास्त्र नव्हे आणि भाषाशास्त्रही नव्हे. त्यांनी त्वचेचे बाह्य साम्य पाहून एक नाव दिले. आजचे साम्य पेशींच्या आतील यंत्रणेचे आहे, आणि दोन्ही रोगांची कारणे भिन्नच आहेत. शब्दाची योगायोगाने घडलेली व्याप्ती हा ज्ञानाचा पुरावा मानण्याची प्रवृत्ती आपल्याकडे बळावत आहे, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे अवश्य वाटते.

७

मराठी परिभाषाकारांवर सरसकट दोषारोप करणे अन्यायाचे होईल. 'प्रतिजन', 'प्रतिपिंड', 'पेशी', 'मज्जातंतू' हे शब्द घडविणाऱ्यांनी एका पिढीस विज्ञान मराठीत शिकता येईल अशी सोय केली. तथापि त्यांची दृष्टी एका मर्यादेत राहिली : त्यांनी शब्दास शब्द शोधला. इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा लिहिली की काम पुरे झाले, असे गृहीत धरले गेले. ज्या वाक्यात तो शब्द बोलला जाणार, ज्या श्रोत्याच्या कानी तो पडणार आणि त्या कानात त्या शब्दाचे कोणते अर्थ आधीच वस्तीस आहेत, याचा विचार कोशाच्या कक्षेत आला नाही. येथे असे मत मांडावेसे वाटते की, लोकशिक्षणाच्या परिभाषेचे एकक शब्द नसून वाक्य आहे.

या दृष्टीने काही सूचना करता येतील. शास्त्रीय लेखनात 'सायटोकाइन' हा शब्द तसाच ठेवावा. त्यास संस्कृत प्रतिशब्द जुळविण्याचा अट्टाहास निष्फळ आहे. अध्यापनात त्याचा अर्थ सांगताना 'निरोपद्रव्य' म्हणण्यास हरकत नाही, कारण निरोप हा चांगलाही असतो आणि वाईटही, हे मराठी भाषकास सांगावे लागत नाही. 'रोगप्रतिकारशक्ती'ऐवजी केवळ 'प्रतिकार' म्हणावे. शक्ती गेली की 'वाढवा' हा उपदेशही आपोआप गळतो, आणि प्रतिकार योग्य जागी, योग्य वेळी, योग्य प्रमाणात असावा हे म्हणण्यास वाव मिळतो. 'रिॲक्शन' हा शब्द रुग्णासमोर उच्चारूच नये. त्याऐवजी 'सुजेचा भडका' म्हणावे, आणि तेही एकटे न म्हणता पुढील वाक्याच्या आधाराने : 'ही सूज गोळीने आलेली नाही, मेलेल्या जंतूंना बाहेर काढताना अंगातच भडका उडाला आहे. गोळ्या थांबवू नका, आजच दवाखान्यात या.' आणि हे वाक्य भडका उडाल्यावर नव्हे, तर पहिली गोळी हाती देतानाच सांगितले पाहिजे. 'हा आजार दुखत नाही, म्हणून तो नाही असे समजू नका. आणि पुढे कधी दुखू लागले तर औषध बाधले असे समजू नका' एवढे दोन उपवाक्यांचे बोलणे 'दुखणे' या शब्दाने घातलेली गाठ सोडवू शकते.

माडिया वा गोंडी भाषकांसाठी या वाक्यांचे शब्दशः भाषांतर करू नये, हे ओघानेच आले. द्राविडी कुळातील या भाषांत वेदना आणि आजार यांची सांगड मराठीसारखीच आहे की निराळी, हे त्या भाषकांकडूनच समजून घेतले पाहिजे, आणि मगच त्यांच्यासाठी वाक्य रचले पाहिजे. मराठीतील गैरसमज दुरुस्त करणारे वाक्य दुसऱ्या भाषेत नवा गैरसमज निर्माण करू शकते. गडचिरोलीसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात हे काम वैद्याचे एकट्याचे नाही आणि भाषाभ्यासकाचेही एकट्याचे नाही. पण भाषाविभागांनी ते आपले मानलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे. बोलींचे संकलन, ध्वनिविचार आणि कोशरचना यांवर प्रबंध होत आले आहेत. दवाखान्याच्या ओसरीवर बोलल्या जाणाऱ्या चार वाक्यांचा अभ्यास मात्र संशोधनाचा विषय म्हणून क्वचितच निवडला जातो.

परिभाषेची परीक्षा विद्वानांच्या सभेत होते अशी आपली समजूत आहे. खरी परीक्षा अन्यत्र होते. चट्टा सुजलेला, कोपराजवळची नस दुखत असलेली एखादी स्त्री हातात गोळ्यांचे पाकीट धरून विचार करते की, उद्याची गोळी घ्यावी की नाही. तिने ती घेतली आणि दवाखान्याची वाट धरली, तर तिची बोटे वाचतात. तो निर्णय ती ज्या शब्दांत करते ते शब्द तिला कोणीतरी दिलेले असतात.